मेंढ्या आल्या नाहीत

सिनेमा चाळीस मिनिटांचा होता आणि त्यासाठी सुलेखा सकाळपासून तीन तास चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी होती. घरात माणसं नुसती समोरासमोर बसवणं तिला पटत नसे. तोंडात घास असला म्हणजे माणूस निदान निम्मं तरी कमी बोलतो, असा तिचा या सासरचा अनुभव. आणि आज कमी बोललेलं बरं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दीर बन्सी पैठणहून पहिल्या एसटीनं येऊन बसला होता. मेंढ्या बायकोच्या हवाली करून तो शहरात यायचा तो लग्नाला नाहीतर मयतीला. सिनेमा बघायला तो आज पहिल्यांदाच आला होता, आणि सिनेमाही सख्ख्या भावाचा.

"वहिनी, ह्याच्यात म्या बी दिसतो का?" त्यानं विचारलं.

"मला काय माहीत, भाऊजी? तुमच्या पुतणीनं मला एक चित्र दाखवलं नाय. म्हणे आधी पप्पा बघतील."

पुतणी, म्हणजे अंबिका, टीव्हीच्या मागं गुडघे टेकून वायरी जोडत होती. विद्यापीठात नाटक शिकलेली ही पोरगी पोटासाठी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जुळवायची आणि उरल्या वेळात स्वतःचा सिनेमा करायची. त्यात तिची दोन वर्षं गेली. कॅमेरा सत्यमचा, आवाजाचं काम मेघाचं, दोघंही वर्गातले. आणि नट म्हणून घरचीच माणसं. असल्या सिनेमाला थिएटर मिळत नाही, पण एका महोत्सवानं तो निवडला होता आणि शेवटची प्रत उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. फक्त एक अडचण होती. शूटिंगच्या आधी तिनं बापाला शब्द दिला होता की, पप्पा, तुम्हाला जे नको वाटेल ते मी कुणालाही दाखवणार नाही. देताना तो शब्द तिला फार सोपा वाटला होता.

गोष्ट घरचीच होती. बावीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी दोन पोरांची वाटणी केली. थोरल्या रामप्रसादनं शेंद्र्याला कंपनीत लागायचं, धाकट्या बन्सीनं मेंढ्या वळायच्या. कुणाला काय हवं ते विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. रामप्रसाद शहरात मुकुंदवाडीला दोन खोल्यांत राहायला आला, बन्सी पावसाळ्यात सोयगावच्या डोंगराकडं आणि उन्हाळ्यात जायकवाडीच्या पाण्याकडं फिरत राहिला. सिनेमातला माणूसही असाच कारखान्यातला. तो बावीस वर्षांनी भावाच्या कळपाकडं परत जातो, बापाची हाक मारतो आणि मेंढ्या त्याच्याकडं धावत येतात. निदान कागदावर तरी असं लिहिलेलं होतं.

रामप्रसाद आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर ओढून बसला. कंपनीच्या बसमध्ये त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तसं तो बावीस वर्षं काही ना काही सांगतच आला होता. आपण काय इथले नाय, आपली मेंढरं हायेत, एक हाक मारली की शंभर माना वळतात. मशीनवरच्या पोरांना ते पाठ झालं होतं. पण प्रत्येक दिवाळीला पाडव्याच्या दिवशी मेंढ्यांची पूजा करायला तो न चुकता जायचा, हे खरं होतं. एका दिवसासाठी जायचा, बूट बांधावर काढून ठेवायचा, आणि संध्याकाळी परत यायचा.

"आई, दिसतंय का?" त्यानं विचारलं.

कॉटवर बसलेल्या म्हाळसाबाईंनी हात हलवला. "दिसायचं ऱ्हाऊ दे. ऐकू येतंय मला."

अंबिकानं खिडकीवर चादर टाकली आणि सिनेमा सुरू केला.

पहिली तीस मिनिटं घर खुशीत होतं. टीव्हीवर सुलेखाचे नुसते हात दिसले, डबा भरताना, तर ती ओरडलीच, "अगं, बांगड्या तरी नीट घालायला सांगायचंस!" बन्सीचा कुत्रा दिसला तेव्हा बन्सीला कोण आनंद. रामप्रसाद पडद्यावर कंपनीच्या गेटातून बाहेर पडला, एसटीत बसला, पैठणला उतरला, आणि खुर्चीतला रामप्रसाद हळूहळू पुढं सरकत गेला. सुलेखाला नवऱ्याचा चेहरा बाजूनं दिसत होता. लग्नात घेतलेल्या फोटोतही तो इतका देखणा दिसला नव्हता, असं तिच्या मनात आलं आणि ती जराशी लाजली.

मग तो प्रसंग आला. पाणी ओसरल्यावर मोकळं झालेलं काळं रान. डोक्याला मल्हाररावांचं लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, पाय उघडे. त्याच्यापासून लांब, कॅमेऱ्याच्या अलीकडं मेंढ्या चरत होत्या. रामप्रसादनं तोंडाशी हात नेला आणि हाक मारली, खालून वर चढत जाणारी, शेवटी तुटणारी. मल्हाररावांची हाक. म्हाळसाबाईंनी डोळे मिटले.

मेंढ्या चरत राहिल्या. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली. मेंढ्या क्षणभर थबकल्या, आणि मग सगळ्या एकदम त्याच्याकडं पाठ करून उलट्या, कॅमेऱ्याच्या दिशेला चालू लागल्या. बघता बघता पडदा रिकामा झाला. रान, आणि त्यात एकटा रामप्रसाद. त्यानं तिसऱ्यांदा हात तोंडाशी नेला, पण हाक मारली नाही. तो हात कुठं ठेवावा हे त्याला कळेना, ते दिसत होतं.

रामप्रसाद उठला आणि त्यानं टीव्हीचं बटण बंद केलं.

"हे नाय चालणार," तो म्हणाला.

"पप्पा, अजून दहा मिनिटं आहेत..."

"हे नाय चालणार म्हणलं ना. दुसरा काढला हुता ना आपण? आली हुती ना मेंढरं?"

दुसरा काढला होता. त्या दिवशी मेंढ्या आल्या नाहीत तेव्हा सगळ्यांचे चेहरे पडले, आणि बन्सीच्या बायकोनं व कुत्र्यानं मागून हाकलून मेंढ्या रामप्रसादच्या अंगावर घातल्या. तो प्रसंग छान उतरला होता. रामप्रसाद मेंढ्यांच्या मधोमध उभा राहून हसत होता. तोच सिनेमात असणार, असं तो तीन महिने धरून चालला होता.

"तो खोटा आहे, पप्पा," अंबिका म्हणाली. "तुम्हालाही माहीत आहे."

"सिनेमा खोटाच असतो! सगळं जग खोटं दाखवतं, तुलाच कामून खऱ्याचा पुळका?"

"अंबे, बापाची बेइज्जती जगाला दाखवून तुला काय मिळणार हाय?" सुलेखा मध्ये पडली. मघाशी बांगड्यांचं हसणारी सुलेखा आता नवऱ्याच्या खुर्चीमागं जाऊन उभी होती. "कंपनीतली माणसं बघतील. पाहुणे-रावळे बघतील. म्हणतील, ह्याला मेंढरं बी इचारीनात."

अंबिकाला आईकडून हे अपेक्षित नव्हतं. तिला सांगायचं होतं की हा प्रसंग बघून ती स्वतः तीन रात्री रडली. की हात तोंडाशी नेऊन गप्प राहिलेला बाप तिनं आधी कधी पाहिला नव्हता. की तिला शाळेत 'तुम्ही कुठले?' असं कुणी विचारलं की तिच्याही तोंडाशी असंच काहीतरी येऊन थांबायचं. पण यातलं काही तिला नीट बोलता आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "हे काढलं तर सिनेमात काही राहत नाही."

"मग नको राहू दे."

"ऱ्हाऊ दे की, दादा," बन्सी एकदम म्हणाला. तो दाराशी जमिनीवर बसला होता. "पोरीनं काय खोटं दाखवलं? नाय आल्या, तर नाय आल्या. इतक्या वरसांनी जनावर कसं वळखंल?"

रामप्रसाद त्याच्याकडं वळला. भाऊ पोरीच्या बाजूनं बोलेल, असं त्याला वाटलं नव्हतं. "तुला बरंच वाटत असंल."

"मला काय बरं वाटायचं त्यात?"

"तुझी मेंढरं ना ती आता. तुझ्याकडं आली. जगानं बघितलंच पायजे ते."

"आता 'तुझी' झाली व्हय? दर पाडव्याला येऊन 'माझी मेंढरं, माझी मेंढरं' म्हणतोस, तवा म्या कधी काय बोललो?" बन्सीचा आवाज चढला. "पाऊस धो धो पडला की कोण उभं ऱ्हायलं रे त्यांच्यासंगं? शेतावरून लोकांनी हाकललं तवा शिव्या कुणी खाल्ल्या?"

"म्या काय हौसेनं गेलो कंपनीत? आबानं घातलं तिथं! मला इचारलं हुतं का?"

"आन मला इचारलं हुतं?"

सुलेखानं जेवणाची पानं मांडायला घेतली. यापलीकडं तिच्या हातात काही नव्हतं.

"अंबे," म्हाळसाबाई म्हणाल्या, "ते पुन्हा लाव."

अंबिकाला वाटलं, चला, आजी तरी आपल्या बाजूला आली.

"आई, कशाला पुन्हा? एकदा बघून पोट भरलं नाय का?" रामप्रसाद म्हणाला.

"मला बघायचं कुठं हाय? ऐकायचंय. आवाज मोठा कर, पोरी."

अंबिकानं तो प्रसंग परत लावला. खोलीत वारा सुटला, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजल्या, मल्हाररावांची हाक उठली. मग दुसरी हाक. त्या दोन्हींच्या मध्ये, अगदी जवळून, कॅमेऱ्याच्या मागून, काहीतरी टकटक वाजलं. दोनदा. म्हाळसाबाईंनी बोट वर केलं.

"बन्स्या, हे कोण करू ऱ्हायलं?"

बन्सीनं मान खाली घातली.

अंबिकाला तो आवाज चांगला माहीत होता. आवाज साफ करताना मेघानं विचारलं होतं, ही टकटक काढू का? आणि अंबिका म्हणाली होती, नको, पक्षी असेल कुठला तरी, छान वाटतोय. आपण कुठले हे शोधायला निघालेली ती, आणि आपल्या सख्ख्या काकाच्या जिभेचा आवाज तिला पक्ष्याचा वाटला होता. आज कळल्यावर तिला फार शरम वाटली.

"हे तुझ्या बापाचं नाय," म्हाळसाबाई बन्सीला म्हणाल्या. "हे म्या शिकवलं तुला. तुझा आवाज बारीक. हाक मारायला लागलास की तुझा बाप हसायचा. तू रडत माझ्याकडं आलास तवा म्या म्हणलं, हाक नाय येत तर नाय, जिभेनं वाजव. दोन दिवस वाजवून तुझी जीभ सुजली हुती. आठवतंय का?"

"आठवतंय, माय."

"मग?"

बन्सी खाली बघत राहिला. पिंडऱ्यांवर धोतर गुंडाळून बसलेला हा चाळिशीतला गडी आता आईसमोर दहा वर्षांचा होऊन बसला होता. त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. मेंढ्या हलू नयेत म्हणून अंबिकानं त्याला कॅमेऱ्याच्या मागं उभं केलं होतं. दादानं बूट काढले, पागोटं घातलं, आणि हाक मारली. बन्सीच्या अंगावर काटा आला, कारण ती दादाची नव्हतीच, आबाची होती. मरेपर्यंत आबा त्याच कळपासोबत फिरले होते. त्यांना जाऊन तीन वर्षंच झाली होती.

"माना वर केल्या हुत्या त्यांनी," बन्सी शेवटी बोलला. "दोघी-तिघींनी. तू हाक मारली ना दादा, पयलीच, तवा. कॅमेऱ्यात नाय दिसलं, त्या कडेला हुत्या. मला दिसलं."

रामप्रसाद खुर्चीचा हात धरून उभा राहिला.

"मला वाटलं, गेल्या आता ह्या," बन्सी म्हणाला. "बावीस वरसं म्या मागं मागं फिरलो, आन ह्यो बाबा बूट काढून एक हाक मारतो आन ह्या चालल्या. मंग म्या कोण? जीभ आपोआप गेली, दादा." तो थांबला. "आपोआप नाय. मुद्दाम केलं. खोटं कामून बोलू."

सुलेखाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. रागावावं की रडावं हे तिला ठरवता येईना. दिराला चार शब्द सुनावायचा हक्क तिला नक्कीच होता, पण त्याची मान अशी खाली होती की तिच्या तोंडून "पाणी देऊ का, भाऊजी?" एवढंच निघालं.

तीन महिने रामप्रसाद रोज कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून तेच आठवत होता. हाक नीट लागली नाही का? वारा उलटा होता का? अंगाला तेलाचा, लोखंडाचा वास लागला असेल का? शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यानं दोनदा साबण लावून आंघोळ केली होती, हे त्यानं सुलेखालाही सांगितलं नव्हतं.

"त्या आबाला वळखत असतील," तो हळूच म्हणाला. "म्हाताऱ्या मेंढ्या असतील त्या. हाक आबाची. त्यांना वाटलं असंल, म्हातारा आला परत."

"असंल बी," बन्सी म्हणाला. "नसंल बी. तू बी तिथंच वाढलास की."

"पप्पा, मी दुसरा प्रसंग लावते," अंबिका म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "मेंढ्या येतात तो. रात्रीत होईल. उद्या पाठवेन."

"नको." रामप्रसाद खाली बसला. "हाच ठेव. ती टकटक बी ठेव."

"दादा, माझी लाज जाईल," बन्सी म्हणाला.

"कुणाला कळतंय? कंपनीतल्यांना पक्षी वाटंल. आपल्या माणसांनाच कळंल, आन आपली माणसं कुठं जातात महोत्सवाला?" रामप्रसाद चक्क हसला. मग भावाला म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. तू बी हायेस त्याच्यात. तू इचारत हुतास ना."

बन्सीनं पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग तो उठून भावाच्या खुर्चीपाशी येऊन बसला, आणि त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, पण एकदम उत्साहात बोलू लागला.

"दादा, असं कर. उद्याच चल. पयल्या गाडीनं जाऊ. मेंढरं हायेत अजून पाण्याकडंच. म्या पार धरणाच्या त्या अंगाला जाऊन बसतो, कोसभर लांब. बायकोला बी नेतो, कुत्रं बी नेतो. तू एकटा. मार हाक. बघू आपण येतात का नाय. अंबे, तू बी चल, कॅमेरा घे!"

अंबिका उठूनच उभी राहिली. सत्यमला आत्ता फोन केला तर उद्या पहाटे निघता येईल, महोत्सववाल्यांकडं दोन दिवस मागता येतील, असं सगळं तिच्या डोक्यात धावायला लागलं. सुलेखा म्हणाली, "जा की हो, एक सुट्टी टाका. बावीस वर्षांत कंपनीला एवढं दिलंय." म्हाळसाबाई कान देऊन थोरल्या पोराचं गप्प बसणं ऐकत होत्या. घटकाभरापूर्वी एकमेकांवर उठलेलं घर आता रामप्रसादला पैठणच्या गाडीत बसवायला एक झालं होतं.

रामप्रसादला ते सगळं दिसत होतं. काळं रान, सकाळचं ऊन, भोवती कुणी नाही. हाक कुठून सुरू करायची, कुठं तोडायची, ते त्याच्या गळ्यात आत्ताही तयार होतं. त्याला जावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं की त्यानं पायानं खुर्चीखालची चप्पल ओढलीसुद्धा.

मग तो म्हणाला, "नको, बन्सी."

"कामून?"

"आल्या तर लई बरं हाय. पण नाय आल्या तर?" त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "आज मला म्हणता येतंय, आल्या असत्या. कंपनीत येवढ्यावर तर बसतो म्या रोज. उद्या जाऊन ते बी हरवून आलो, तर मंग म्या कुठला रे? ना इथला, ना तिथला."

अंबिका परत खाली बसली. बापानं आत्ता जे म्हटलं तेच तर ती दोन वर्षं सिनेमातून म्हणायला बघत होती, आणि ते कॅमेऱ्यात नव्हतं, आणि तिला ते कॅमेऱ्यात नसल्याचं वाईटही वाटलं नाही.

सुलेखानं पानं वाढली. सगळे जेवायला बसले. बन्सीनं दोन घास खाल्ले असतील नसतील, तोच शेजारी बसलेला रामप्रसाद भाकरी तशीच हातात धरून त्याच्याकडं वळला.

"दोघी-तिघींनी म्हणालास ना?"

"कशाच्या?"

"माना वर केल्या त्या. कोणत्या कोणत्या?"

बन्सीनं घास गिळला. "काळतोंडी. तिच्या बाजूला तिची लेक हुती, बांडी, तिनं. आन ती भुरी, आबाच्या मागं मागं असायची ती."

"काळतोंडी, बांडी, भुरी," रामप्रसाद म्हणाला. भाकरी अजून हातातच होती. "आधी कुणी केली? काळतोंडीनं का भुरीनं?"